टर्बो की सुपरचार्जर? ट्रेलवरच्या स्नोमोबिलचं गणित

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" आणि चहाचे घोट काढून टाकलेत. दोन ठिकाणी आकडे नीट मांडलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

नियमित ऐकणाऱ्यांना माहीत आहे की मिनेसोटात आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात मी एक जुनी स्नोमोबिल घेतली. नवीन मंडळींसाठी सांगतो: पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये मोटरसायकलसारखी सीट, आणि चालवताना अंगावर इतके कपडे की माणूस चालायला लागला की गादी चालतेय असं वाटतं. माझी आहे यामाहाची नायट्रो. तीन सिलिंडर, १०४९ सीसी, फोर-स्ट्रोक, साधारण १३० हॉर्सपॉवर. टर्बो नाही, काही नाही. नाकाने जेवढी हवा येईल तेवढ्यावर चालणारं इंजिन.

मिनेसोटा म्हणजे या वाहनाचं माहेरच. पोलारिस रोझो गावातली, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्समधली. राज्यात २२,००० मैलांहून जास्त, म्हणजे ३५,००० किलोमीटरच्या वर स्नोमोबिल ट्रेल आहेत. त्यातल्या बहुतेकांची निगा स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक राखतात. रात्री यंत्र फिरवून बर्फ सपाट करतात आणि सकाळी आपण त्यावरून जातो.

तर प्रश्न असा. दोन हिवाळे झाले, हात बसला, आणि डोक्यात किडा वळवळायला लागला की या इंजिनाला थोडी जास्त ताकद दिली तर? ग्रुपमधला एक मित्र म्हणाला, "टर्बो टाक, डोळे मिटून." शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात, आयुष्यभर इंजिनं उघडलेला माणूस. ते म्हणाले, "ट्रेलवर फिरणार असशील तर सुपरचार्जर." फोनवर बाबांना सांगितलं, तर त्यांचा एकच सवाल: "अरे, आहे त्या इंजिनाला काय धाड भरलीय?"

तिघांचंही ऐकलं. आणि खरं सांगायचं तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधताच हा भाग तयार झाला.

मुळात दोन्ही करतात काय?

इंजिनाची ताकद किती पेट्रोल जळतं यावर ठरते, आणि पेट्रोल किती जाळता येईल हे हवा किती आहे यावर. पेट्रोल जास्त ओतणं सोपं, हवा जास्त कोंबणं अवघड. टर्बो आणि सुपरचार्जर दोघंही हेच करतात, हवा दाबून आत कोंबतात. फरक आहे तो पंखा फिरवतं कोण, यात.

सुपरचार्जरचा पंखा क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो. म्हणजे इंजिन स्वतःच्या खिशातून मजुरी देतं. टर्बोचा पंखा सायलेन्सरकडे चाललेल्या गरम वायूवर फिरतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग एक्झॉस्टमधून वायाच जातो, त्यातला थोडा परत वापरायचा ही कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी तिचं पेटंट १९०५ साली घेतलं. आपल्याकडे ट्रकच्या मागे "टर्बो" लिहिलेलं असतं, ते तेच.

ऐकायला टर्बो फुकटचा वाटतो. पूर्ण फुकट नाही, कारण टर्बाइन एक्झॉस्टच्या वाटेत अडथळा बनून बसतं. पण पट्ट्याच्या मजुरीपेक्षा स्वस्त, हे नक्की.

थोडी आकडेमोड

समजा ६ पीएसआय बूस्ट द्यायचा. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३२ भरतो, त्यामानाने हे किरकोळ. पण वातावरणाचा स्वतःचा दाब १४.७, म्हणजे ६ ने तो जवळजवळ १.४ पट झाला.

मग ताकदही १.४ पट? नाही. सायकलमध्ये हातपंपाने हवा भरताना पंपाचं टोक तापतं ना, तसंच इथं. दाबलेली हवा तापते आणि तापली की विरळ होते. बाहेर उणे २० अंश असेल आणि कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर दाबल्यावर हवा जवळजवळ ३७ अंशांनी तापते, म्हणजे अधिक १७ च्या आसपास जाते. हिशोब केला तर हवेची घनता १.२३ पट होते. तर १३० चे कागदावर झाले १६०. त्यातून सुपरचार्जर फिरवायची मजुरी वजा करा. माझ्या गणिताने ती ६ ते ८ हॉर्सपॉवर येते. हातात राहिले १५० च्या वर थोडे. इंटरकूलर लावला तर अजून सुधारेल.

आता १२ पीएसआय घ्या. तिथे मजुरी १४ च्या वर जाते आणि हवा ६७ अंशांनी तापते. म्हणजे कमी बूस्टला सुपरचार्जरची मजुरी सोसवते, बूस्ट वाढवत नेला की टर्बोचं पारडं जड होत जातं. हा पहिला मुद्दा मनात ठेवा.

थंडीबद्दलही एक गंमत. अधिक २० अंशांच्या हवेपेक्षा उणे २० ची हवा जवळजवळ १६ टक्के जास्त घन असते. म्हणजे हिवाळा तुम्हाला थोडा बूस्ट आधीच फुकट देतोय.

ॲक्टिव्हा आठवा

गाड्यांबद्दलचे व्हिडिओ बघून टर्बो-सुपरचार्जरचं जे ज्ञान मिळतं, ते स्नोमोबिलला जसंच्या तसं लागू होत नाही. कारण इथं गिअर नसतात. आपल्या ॲक्टिव्हासारखं व्हेरिएटर असतं, दोन पुल्या आणि मध्ये पट्टा. ॲक्टिव्हाची मूठ एकदम पिळली की आधी इंजिनाचा आवाज चढतो, तिथेच टिकतो आणि स्पीड मागून येतो. स्नोमोबिलमध्ये तेच, फक्त कितीतरी जास्त ताकदीने. पुढच्या पुलीत वजनं असतात. ती अशी निवडतात की पूर्ण थ्रॉटलला इंजिन आपल्या सगळ्यात जास्त ताकदीच्या आरपीएमवर जाऊन बसावं.

याचे दोन परिणाम होतात, आणि माझ्या मते सगळा निकाल यातच आहे.

स्नोमोबिलला मिळणारे सुपरचार्जर बहुतेक सेंट्रिफ्यूगल जातीचे असतात. त्यांचा बूस्ट आरपीएमच्या जवळपास वर्गाने वाढतो. निम्म्या आरपीएमला निम्मा नाही, पाव. कारमध्ये लोक याच्या नावाने बोटं मोडतात, कारण खालच्या आरपीएमला काहीच मिळत नाही. पण व्हेरिएटरमुळे स्नोमोबिलचं इंजिन मूठ पिळल्या पिळल्या वरच्या आरपीएमला पोचतं. म्हणजे कारमधला त्याचा मोठा दोष इथं जवळजवळ नाहीसाच होतो. आणि रमतगमत चालवताना आरपीएम कमी, म्हणून बूस्टही नाही. इंजिन मूळच्यासारखं शहाणं राहतं.

टर्बोचं उलट. आरपीएम लगेच चढतो, पण टर्बाइनला फिरायला एक्झॉस्टचा जोर हवा आणि तो यायला क्षणभर लागतो. त्यात पुलीतली वजनं वाढलेल्या ताकदीच्या हिशोबाने जड बसवलेली असतात. बूस्ट यायच्या आत ती वजनं इंजिनाला खाली ओढतात, आरपीएम पडतो, त्यामुळे एक्झॉस्ट कमी, त्यामुळे बूस्टला अजून उशीर. मग एकदम सगळं येतं.

ते "एकदम" कसं असतं

जानेवारीत आम्ही चौघं नॉर्थ शोअर ट्रेलवर होतो. डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत, लेक सुपीरियरच्या वरच्या डोंगरकडेने जाणारा २३५ किलोमीटरचा रस्ता. मित्राने त्याच्या यंत्रावर मोठा टर्बो बसवून घेतलेला. म्हणाला, "घे, चालवून बघ."

सरळ रस्त्यावर काय सांगू! पोट मागे राहतं आणि आपण पुढे जातो. दहा मिनिटांनी एक उजवं वळण आलं. थ्रॉटल सोडला, वळलो, बाहेर पडताना अंगठा दाबला. काही झालं नाही. म्हणून अजून दाबला. इथं माझी चूक. सेकंदाच्या आत बूस्ट आला, तोही पूर्ण. मागचा पट्टा ढकलायला लागला, पुढच्या स्की हलक्या झाल्या, आणि हँडल उजवीकडे असूनही यंत्र सरळ निघालं. कडेच्या बर्फात छातीपर्यंत घुसलो. स्प्रूसचं एक झाड डाव्या हातापासून वीतभर लांब होतं. वीतभर हे उगाच म्हणत नाही, नंतर हात लावून बघितलं.

मला काही झालं नाही, यंत्रालाही नाही. चौघांनी ओढून बाहेर काढलं. पण रात्री मोटेलमध्ये झोप आली नाही. आईचा व्हिडिओ कॉल आला तर मी कॅमेरा बंद ठेवला. चेहऱ्यावर दिसलं असतं.

दोष सगळा टर्बोवर ढकलणं बरोबर नाही. चूक चालवणाऱ्याची, म्हणजे माझी. तो टर्बो मोठा होता, वरच्या ताकदीसाठी निवडलेला. लहान टर्बो लवकर फिरतो. कंपन्या फॅक्टरीतून देतात ते टर्बो आणि त्यांचं क्लचिंग एकमेकांना धरून जुळवलेलं असतं. २०१७ च्या मॉडेलपासून यामाहा साइडवाइंडर आणि आर्क्टिक कॅटच्या थंडरकॅटमध्ये ९९८ सीसीचं टर्बो इंजिन आलं, २०० हॉर्सपॉवरच्या आसपासचं. तिथे हा उशीर खूपच कमी जाणवतो. पण जुन्या इंजिनावर बाहेरचं किट बसवताना ते जुळवणं आपल्या गळ्यात पडतं.

त्याच दुपारी शेजारच्या काकांनी त्यांचं सुपरचार्जरवालं यंत्र दिलं. माझ्याच मॉडेलचं, बूस्ट कमी. तेच वळण, मुद्दाम. अंगठा जेवढा दाबला तेवढीच ताकद, त्याच क्षणी. थरार कमी, पण हात आणि बर्फ यांच्यात मध्ये कुणी तिसरा नाही.

काका म्हणाले, "पोरा, ट्रेलवर ताकद किती यापेक्षा ती कधी येते ते बघायचं."

मग लोक टर्बो का घेतात?

कारण डोंगर. दर ३०० मीटर उंचीला साध्या इंजिनाची ताकद साधारण ३ टक्क्यांनी घटते. मॉन्टानातलं वेस्ट यलोस्टोन गाव २,००० मीटरवर आहे. तिथे माझे १३० हॉर्सपॉवर गावातच १०५ च्या आसपास येतील, वर चढलं की अजून कमी. टर्बोचा वेस्टगेट आत जाणारा दाब कायम राखू शकतो. हवा विरळ झाली तर टर्बाइन जास्त वेगाने फिरवून भरपाई करतो. सुपरचार्जरची पुली ठरलेली, तो त्याच पटीत दाबतो. विरळ हवा आली तर विरळच दाबतो. म्हणून स्की-डूने २०२० च्या मॉडेलपासून डोंगरातल्या यंत्रासाठी ८५० सीसी टू-स्ट्रोकला फॅक्टरीतूनच टर्बो दिला, तेव्हा जाहिरातीचा मुद्दा हाच होता की १६५ हॉर्सपॉवर ८,००० फुटांपर्यंत टिकतात.

आता मिनेसोटा बघा. लेक सुपीरियर समुद्रसपाटीपासून १८३ मीटरवर, आणि राज्यातलं सगळ्यात उंच शिखर ईगल माउंटन ७०१ मीटर. आपल्या महाबळेश्वरच्या निम्मंच. टर्बोचा सगळ्यात मोठा गुण इथं वापरायला जागाच नाही.

उलट उदाहरणही आहे. पाण्यावरच्या जेट-स्कीमध्ये सी-डू, कावासाकी, यामाहा अशा सगळ्यांनी सुपरचार्जर वापरलाय. पाणी सपाट, उंचीचा प्रश्न नाही, आणि मूठ पिळताच ताकद हवी. ट्रेलची गरज बरीचशी तशीच आहे.

रस्त्यापासून ४० किलोमीटर आत

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उणे २५ मध्ये, मोबाइलला रेंज नसताना, काय बिघडलं तर काय होईल?

टर्बोला इंजिनाचं तेल लागतं. आत जाणारी एक नळी, बाहेर येणारी एक. ती घासून फुटली आणि लक्षात आलं नाही, तर तेल जातं आणि तेलापाठोपाठ इंजिन. शिवाय तो लाल होण्याइतका तापतो आणि आजूबाजूला प्लास्टिकचं हुड. त्याला उष्णतारोधक आवरण नीट गुंडाळलेलं हवं. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवायचं, नाहीतर आतलं तेल जळून चिकट होतं.

सुपरचार्जर तुलनेने थंड राहतो. रोट्रेक्स या डॅनिश कंपनीच्या सुपरचार्जरला तर स्वतःचं वेगळं तेल असतं, इंजिनाच्या तेलाशी संबंध नाही. त्याचा कच्चा दुवा म्हणजे पट्टा. तो तुटला तर बूस्ट जातो, पण इंजिन सहसा चालू राहतं आणि हळूहळू घर गाठता येतं. खिशात एक जादा पट्टा ठेवायचा.

दोघांनाही लागू असलेल्या गोष्टी चार:

१. पेट्रोल. दाबलेली हवा म्हणजे डेटोनेशनची भीती, स्पार्क पडल्यावर उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप एकदम पेटणं. पिस्टन जातो. मिनेसोटात ९१ ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल अशा वाहनांसाठी मिळतं, तेच भरायचं. बूस्ट वाढवायचा असेल तर जाड हेड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन कमी करावं लागतं.

२. इंधनाचं ट्यूनिंग. हवा वाढली आणि पेट्रोल वाढलं नाही तर मिश्रण लीन होतं. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हा भाग आवडतो, पण इथं चुकीचा आकडा टाकला तर एरर मेसेज येत नाही, धूर येतो. डॅशवर वाइडबँड मीटर हवाच.

३. क्लचिंग. वर सांगितलं तसं, वजनं आणि स्प्रिंग बदलल्याशिवाय नुसतं किट म्हणजे अर्धवट काम.

४. थंडावा. स्नोमोबिलला कारसारखा मोठा रेडिएटर नसतो. पट्ट्याने उडवलेला बर्फ वरच्या कूलरवर आदळतो आणि पाणी थंड करतो. ट्रेल कडक, काचेसारखी झाली की बर्फ उडत नाही आणि इंजिन तापतं. ताकद वाढली की हे आधी जाणवतं. त्यासाठी स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून उडवणाऱ्या वाकड्या तारा, लावाव्यात.

आणि आवाज. टर्बो एक्झॉस्टचा आवाज मऊ करतो, सुपरचार्जर शिट्टीसारखा गुणगुणतो. यात निवड आवडीची. पण किट बसवताना सायलेन्सर काढून फेकू नका. हे ट्रेल कितीतरी ठिकाणी लोकांच्या खाजगी जमिनीतून, त्यांच्या परवानगीने जातात. रात्री अकराला कुणाच्या खिडकीखालून बोंबलत गेलो, तर पुढच्या वर्षी तिथे साखळी लागलेली दिसेल.

बाबांचा प्रश्न

एवढं सगळं कळल्यावर निकाल सोपा झाला. डोंगर किंवा गोठलेल्या तलावावर सरळ पळवायचं असेल तर टर्बो. कमी उंचीवर, वळणावळणाच्या ट्रेलवर, जुन्या फोर-स्ट्रोकला थोडी भर घालायची असेल तर ५-६ पीएसआयचा सुपरचार्जर. २०० हॉर्सपॉवर हवेतच असतील तर किटच्या नादी न लागता फॅक्टरी टर्बोवालं सेकंडहँड यंत्र शोधा, डोक्याचा ताप वाचेल.

मग मी सुपरचार्जर घेतला? नाही. निदान या हिवाळ्यात नाही.

मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि पाण्यावर स्नोमोबिलला ताशी ५० मैलांची मर्यादा आहे, म्हणजे ८० किलोमीटर. त्या वेगाला सेकंदाला २२ मीटर जातात. समोर काही दिसल्यावर हात हलेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर नुसते विचार करण्यात जातात. वेग ७० मैल केला तर ४७ मीटर, आणि त्यानंतर ब्रेकचं अंतर जवळजवळ दुप्पट, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. बर्फावर, रात्री, हेडलाइटच्या उजेडात. माझं १३० चं इंजिन ५० मैलांना आत्ताही घाम न गाळता पोचतं. म्हणजे मला कमी काय पडत होतं? थांबणं आणि वळणं.

म्हणून यंदा पैसे गेले ते सस्पेन्शनच्या सर्व्हिसिंगवर, स्कीखालच्या नव्या कार्बाइडवर, पट्ट्यातल्या स्टडवर आणि स्क्रॅचरवर. मागच्या आठवड्यात त्याच उजव्या वळणावर पुन्हा गेलो. यंत्र रुळावरून गेल्यासारखं वळलं. ते स्प्रूसचं झाड डाव्या हाताला, चांगलं चार हात लांब, बघत उभं होतं.

बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, इंजिनाला काही धाड भरलेली नाही. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं."

ते म्हणाले, "मग कशाला भरली होती?"

"मला."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "हेल्मेट घालतोस ना?"

घालतो. आणि तुमच्यापैकी इथं कुणी सुरुवात करणार असेल, तर ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या मिनेसोटातल्या रहिवाशांना स्नोमोबिल सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. म्हणजे आपल्या ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना. आधी ते करा, बूस्टचं नंतर बघू.

पुढच्या भागात व्हेरिएटर उघडून दाखवणार आहे. ॲक्टिव्हाचं आणि स्नोमोबिलचं, शेजारी शेजारी. तोपर्यंत हळू जा, पण जा. भेटू!